मर्यादित प्रस्ताव आणि संस्थांतर्गत निवड : संशोधन-समन्वयकाचे कार्य (खानदेशातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

संशोधनासाठी अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थांच्या जाहीर आवाहनात एक लहानसे वाक्य बहुधा पात्रतेच्या परिच्छेदात, शेवटी कोठेतरी आलेले असते. एका शिक्षणसंस्थेकडून एकच प्रस्ताव स्वीकारला जाईल, किंवा दोनच नामनिर्देशने विचारात घेतली जातील, एवढाच त्याचा आशय असतो. वाचणाऱ्याचे लक्ष अनुदानाच्या रकमेकडे आणि अंतिम तारखेकडे लागलेले असल्यामुळे हे वाक्य सहज नजरेआड होते. वास्तविक त्या एका वाक्यामुळे सगळ्या प्रक्रियेचे स्वरूप पालटते. दिल्ली किंवा मुंबई येथील तज्ज्ञ समितीसमोर जी स्पर्धा व्हावयाची, तिच्याआधी एक दुसरी स्पर्धा स्वतःच्याच संस्थेत होते. तिचा निर्णय कोण, कशाच्या आधारे आणि कोणत्या दिवशी घेतो, यावर पुष्कळशा संशोधकांचे भवितव्य अवलंबून असते.

अमेरिकेतील संशोधन विद्यापीठांत ही अंतर्गत स्पर्धा चालविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. आपल्याकडे हेच काम प्राचार्यांच्या दालनात, आयक्यूएसीच्या बैठकीत किंवा एखाद्या उत्साही अध्यापकाच्या टेबलावर होते, आणि त्याला नाव नसते. या कार्याचे स्वरूप काय, त्यासाठी कोणती पात्रता लागते आणि सावदा, फैजपूर, रावेर, यावल यांसारख्या गावांच्या परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मर्यादा का घातली जाते? :

परीक्षणाला वेळ लागतो आणि तज्ज्ञ परीक्षकांची संख्या मोजकी असते, हे मर्यादेचे उघड कारण आहे. शेकडो संस्थांनी प्रत्येकी दहा-वीस प्रस्ताव पाठविले तर ते वाचणार कोण? दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अर्थसाहाय्य देणारी संस्था प्राथमिक निवडीचा भार शिक्षणसंस्थेवर टाकते आणि त्याबरोबरच तिची बांधिलकीही मिळविते. मोठे उपकरण एखाद्या विभागाला द्यावयाचे असेल तर त्यासाठी जागा, वीज, देखभाल आणि तंत्रज्ञ पुरविण्याची तयारी संपूर्ण संस्थेने दाखवावी लागते. एकाच संस्थेने अशी पाच वचने एकाच वेळी दिली तर त्यांतील एकाचेही वजन राहत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मोठ्या उपकरणांसाठीच्या योजनेत २०२३ च्या नियमांनुसार एका संस्थेला पहिल्या गटात दोन, दुसऱ्या गटात एक आणि तिसऱ्या गटात एक असे जास्तीत जास्त चारच प्रस्ताव पाठविता येत होते. मर्यादेपेक्षा जादा आलेला प्रस्ताव परीक्षणाविना परत जातो. पॅकार्ड फाउंडेशनच्या तरुण वैज्ञानिकांसाठीच्या पाठ्यवृत्तीचे उदाहरण गणिताच्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पन्नास विद्यापीठांच्या प्रमुखांना प्रत्येकी दोन नावे सुचविण्यास सांगितले जाते आणि दरवर्षी सुमारे वीस जणांची निवड होते. म्हणजे जास्तीत जास्त शंभर नावांतून वीस, पाचांत एक. परंतु एखाद्या विद्यापीठात त्या दोन जागांसाठी बारा तरुण अध्यापक इच्छुक असतील, तर आतली चाळणी सहांत एक अशी होते. बाहेरच्या चाळणीपेक्षा आतली चाळणी बारीक ठरते, ही गोष्ट सामान्यतः कोणाच्या ध्यानात येत नाही. बाहेरच्या निवडीचे नियम छापील असतात. आतल्या निवडीचे नियम लिहून ठेवलेले असतीलच असे नाही.

समन्वयकाच्या कामाचे प्रत्यक्ष स्वरूप :

या पदावरील व्यक्तीचे काम आवाहन प्रसिद्ध होण्यापूर्वीच सुरू होते. बहुतेक योजना दरवर्षी ठरावीक हंगामात येतात. गतवर्षीच्या तारखा पाहून यंदाचे वेळापत्रक मांडता येते. आवाहन हाती येताच त्यातील मर्यादेचा नेमका अर्थ लावावा लागतो. मर्यादा संस्थेवर आहे, विभागावर आहे की प्रमुख संशोधकावर आहे? दुसऱ्या संस्थेच्या प्रस्तावात सहभागी म्हणून गेल्यास तो प्रस्ताव आपल्या खात्यावर मोजला जातो काय? मागील वर्षी अनुदान मिळालेल्या संस्थेला या वर्षी अर्ज करता येतो काय? अशा प्रश्नांची उत्तरे आवाहनाच्या मजकुरात सापडत नसतील तर कार्यक्रम अधिकाऱ्याला विचारून लेखी स्वरूपात मिळवावी लागतात. येथे तर्क लढवून चालत नाही.

त्यानंतर अंतर्गत सूचना निघते. तिची अंतिम तारीख मूळ तारखेच्या किमान सहा ते आठ आठवडे आधीची असावी लागते, कारण निवड झालेल्या संशोधकाला संपूर्ण प्रस्ताव लिहिण्यासाठी तेवढा अवधी हवा असतो. या टप्प्यावर पूर्ण प्रस्ताव मागविणे ही चूक होय. ज्या नऊ जणांची निवड होणार नाही त्यांचे महिनाभराचे श्रम त्यामुळे व्यर्थ जातात आणि पुढील वर्षी ते फिरकत नाहीत. दोन पानांचे टिपण, संक्षिप्त परिचय आणि अंदाजपत्रकाचा ढोबळ आराखडा एवढ्यावर अंतर्गत निवड करता येते.

आलेली टिपणे तीन-चार परीक्षकांकडे जातात. समन्वयक स्वतः गुण देत नाही, हे या कामाचे पथ्य आहे. परीक्षक निवडणे, त्यांच्यापैकी कोणाचा अर्जदाराशी मार्गदर्शक, सहलेखक किंवा विभागप्रमुख या नात्याने संबंध आहे काय हे तपासणे, गुणांचा तक्ता एकत्र करणे आणि निर्णय घेण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याच्यासमोर तो ठेवणे एवढीच त्याची कक्षा असते. निर्णयानंतरचे काम मात्र पुन्हा त्याचेच : निवड झालेल्यास कळविणे, न झालेल्यांना कारणांसह कळविणे, संस्थाप्रमुखाचे पत्र तयार करून घेणे आणि ठरलेल्या मुदतीत प्रस्ताव खरोखर गेला की नाही हे पाहणे. निवड झालेला संशोधक ऐन वेळी माघार घेतो, असे प्रसंग दुर्मीळ नाहीत. तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीला तयार ठेवलेले नसेल तर संस्थेची जागा रिकामी जाते.

निवडीचा निकष हा या कामातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. सर्वोत्तम संशोधन निवडावे, हे उत्तर दिसते तितके सरळ नाही. एखादा प्रस्ताव शास्त्रीय दृष्ट्या श्रेष्ठ असूनही त्या विशिष्ट योजनेच्या हेतूशी जुळत नसेल, तर तो बाहेर टिकत नाही. ज्येष्ठ प्राध्यापकाचा पूर्वानुभव त्याच्या बाजूने बोलतो. परंतु योजना नवोदितांसाठी असेल तर तोच अनुभव अडसर ठरतो. काही संस्था विभागवार पाळी लावून हा वाद मिटवितात. या वर्षी रसायनशास्त्र, पुढील वर्षी प्राणिशास्त्र. शांतता राखण्यास हा मार्ग सोयीचा असला तरी त्यात योग्यतेचा प्रश्नच टाळला जातो आणि ज्या वर्षी ज्या विभागाकडे सांगण्यासारखे काही नसते त्या वर्षी संस्थेची संधी वाया जाते.

भारतीय परिस्थिती : उघड आणि छुप्या मर्यादा

आपल्याकडे लेखी मर्यादा असलेल्या योजना थोड्या आहेत, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. जैवतंत्रज्ञान विभागाच्या २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टार कॉलेज योजनेत महाविद्यालयाने आपल्या सहभागी विज्ञान विभागांचा मिळून एक अर्ज करावयाचा असतो. कोणते विभाग त्यात घ्यावयाचे हा निर्णय आतच होतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना २००० पासूनची. तिच्यात पदव्युत्तर महाविद्यालयांसाठी स्वतंत्र स्तर आहे. सर्बची जागा घेणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'पेअर' कार्यक्रमात एका मध्यवर्ती संस्थेभोवती जास्तीत जास्त सात सहभागी संस्था अशी रचना ठेवण्यात आली. कोणत्या सात, हा प्रश्न त्या मर्यादेतूनच उद्भवतो. २०२३ मध्ये रुसाच्या जागी आलेल्या पीएम-उषा योजनेत प्रस्ताव राज्य शासनामार्फतच पुढे जातात.

महाराष्ट्रातील अध्यापकांना अधिक परिचित उदाहरण आविष्कार संशोधन महोत्सवाचे आहे. २००६ पासून चालत आलेल्या या उपक्रमात महाविद्यालय, जिल्हा आणि विद्यापीठ अशा पायऱ्या चढून मोजकेच विद्यार्थी राज्य पातळीवर जातात. शाळांच्या बाबतीत इन्स्पायर-मानक योजनेत एका शाळेने पाच कल्पना सुचवावयाच्या असतात. आविष्कारच्या महाविद्यालयीन फेरीचे परीक्षण ज्याने केले आहे, त्याने मर्यादित प्रस्तावांच्या समन्वयाचे काम एका परीने केलेलेच आहे. फरक इतकाच की तेथे विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकांसाठी गुणपत्रिका असते आणि अध्यापकांच्या प्रस्तावांसाठी सहसा ती नसते.

याहून महत्त्वाची आहे ती छुपी मर्यादा. ज्या योजनेत संस्थेवर कसलीही संख्यामर्यादा नाही, तेथेही अर्ज संस्थाप्रमुखामार्फत, अग्रेषणपत्रासह आणि हमीपत्रासह जावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुसंशोधन प्रकल्पांच्या काळात पुण्याच्या पश्चिम विभागीय कार्यालयाकडे जाणारा प्रत्येक अर्ज प्राचार्यांच्या स्वाक्षरीने जात असे. स्वाक्षरी नाकारली जाण्याचे प्रसंग विरळा. उशिरा मिळण्याचे मात्र नित्याचे. आवाहनाचे पत्र कार्यालयात येते, आवक क्रमांक पडतो, ते संबंधित फाइलमध्ये लागते आणि सूचना फलकावर टाचले जाते तेव्हा चार दिवस उरलेले असतात. ज्याचे कार्यालयात येणे-जाणे असते त्याला ते आधी कळते. कोणाचाही दुष्ट हेतू नसताना निवड होऊन जाते. हीही अंतर्गत स्पर्धाच, फक्त तिच्यात भाग न घेतलेल्यांना आपण हरलो हे कधी समजत नाही.

खानदेशातील महाविद्यालयांची स्थिती :

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालये १९९० पूर्वी पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाने कुलगुरू संशोधन प्रेरणा योजनेसारख्या उपक्रमातून महाविद्यालयीन अध्यापकांना लहान रकमेची का होईना, अनुदाने दिली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाचा संचालक, म्हणजेच बोलीभाषेतील बीसीयूडी, हा महाविद्यालये आणि अर्थसाहाय्य यांमधील दुवा होता. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ते पद संपुष्टात आणून संशोधन मंडळ आणि नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य संचालक अशी नवी रचना आणली. विद्यापीठ पातळीवर म्हणजे कोणी ना कोणी आहे. संलग्न महाविद्यालयाच्या पातळीवर ही जागा मोकळी राहिली.

सावदा परिसराचे उदाहरण घेतले म्हणजे या मोकळ्या जागेचा अर्थ स्पष्ट होईल. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावरील रावेर तालुक्यातील हे गाव केळीच्या पट्ट्यात वसले आहे आणि येथील रेल्वे स्थानकातून उत्तरेकडे केळी जाते. डबे मोजके आणि माल अधिक असला की कोणाचा माल आधी चढवावयाचा, या प्रश्नाची ओळख या भूमीला निराळी करून द्यावयास नको. संशोधनाच्या विषयांचीही येथे वाण नाही. केळीवरील कुकुंबर मोझॅक विषाणू हा वनस्पतिशास्त्राचा विषय, घड काढल्यानंतर उरणाऱ्या खोडापासून मिळणारा धागा हा रसायनशास्त्राचा आणि वाणिज्याचा. रावेर आणि यावल तालुक्यांतील भूजलाचा अतिउपसा भूगोलाच्या अभ्यासकापुढे उभा आहे. लेवा गणबोली आणि तावडी बोली मराठीच्या अध्यापकाच्या दाराशी आहेत.

आता समजा, अशा एखाद्या महाविद्यालयातील चार अध्यापकांची या चार विषयांवर टिपणे तयार आहेत आणि एक प्रस्ताव पाठविण्याची संधी आली आहे. विषाणूवरील प्रस्तावाला प्रयोगशाळेची जोड हवी, ती महाविद्यालयात नाही. भूजलाचा प्रस्ताव कमी खर्चाचा आहे, परंतु त्याचे उत्तर तीन वर्षांच्या नोंदींशिवाय मिळत नाही. बोलीभाषेच्या प्रस्तावाला विज्ञान विभागाच्या योजनेत स्थान नाही. त्यासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेसारखी निराळी दारे ठोठवावयास हवीत. धाग्याचा प्रस्ताव स्थानिक उद्योगाशी जोडता येतो, म्हणून तो सर्वांना आवडतो. मात्र त्या विषयावर इतरत्र पुष्कळ काम झालेले असल्यामुळे नवीन काय, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. या चारांतून निवड करताना केवळ ज्येष्ठता पाहिली तर चौघांपैकी तिघांना आपण कोठे कमी पडलो हे कळणार नाही. टिपणे वाचून, कारणे लिहून निवड केली तर चौथ्याला अनुदान मिळण्याची शक्यता वाढते आणि उरलेल्या तिघांना आपला योग्य दरवाजा कोणता हे समजते. समन्वयकाची उपयुक्तता येथे आहे.

लहान महाविद्यालयात एक अडचण खरोखरीची आहे. वीस-तीस अध्यापकांच्या संस्थेत तटस्थ परीक्षक मिळणार कोठून? सर्वांचे सर्वांशी संबंध असतात, शिक्षक कक्ष एकच असतो आणि परीक्षकाचे नाव गुप्त ठेवले तरी त्याचे अक्षर ओळखू येते. यावर उपाय संस्थेच्या बाहेर आहे. सावद्याची टिपणे धुळ्याच्या किंवा चोपड्याच्या महाविद्यालयातील त्या-त्या विषयाच्या अध्यापकांनी वाचावीत, त्यांची यांनी वाचावीत. तीन-चार महाविद्यालयांनी आपसात अशी देवाणघेवाण करण्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही. दोन पानांची चार टिपणे वाचण्यास एक दुपार पुरते.

व्यवसाय म्हणून समन्वय :

अमेरिकेत संशोधन प्रशासकांची राष्ट्रीय संघटना १९५९ पासून आहे. परंतु तिचा भर अनुदान मिळाल्यानंतरच्या हिशेबावर आणि नियमपालनावर अधिक राहिला. प्रस्ताव घडविण्याच्या कामासाठी संशोधन-विकास व्यावसायिकांची निराळी संघटना २०१० मध्ये स्थापन झाली. मर्यादित प्रस्तावांचा समन्वय हे या क्षेत्रात प्रवेश करण्याचे एक नेहमीचे दार होय. येथे येणारे लोक निरनिराळ्या वाटांनी येतात. कोणी पीएच.डी. पूर्ण केल्यानंतर प्रयोगशाळेत रमले नाही, कोणी ग्रंथपाल होते, कोणी संपादनाचे काम करीत होते. एका विषयाच्या सखोल ज्ञानापेक्षा अनेक विषयांतील टिपण समजून घेण्याची क्षमता, नियमांचे काटेकोर वाचन आणि नकार कळविण्याची सभ्यता या गोष्टी या पदावर अधिक उपयोगी पडतात. समन्वयकापासून संशोधन-विकास अधिकारी आणि पुढे संचालक अशी बढतीची वाट तेथे तयार झालेली आहे.

भारतात आयआयटी मुंबईचे औद्योगिक संशोधन व सल्ला केंद्र किंवा आयआयटी खरगपूरचा प्रायोजित संशोधन विभाग ही जुनी उदाहरणे आहेत. डीबीटी-वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्सने २०१८ च्या सुमारास संशोधन व्यवस्थापनाचा उपक्रम हाती घेऊन हे काम स्वतंत्र कौशल्याचे आहे, ही भूमिका मांडली. मार्च २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांमध्ये संशोधन व विकास कक्ष स्थापन करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानंतर बहुतेक महाविद्यालयांत असा कक्ष कागदावर अस्तित्वात आला. त्याचा समन्वयक नेमला जातो तो अध्यापकांमधूनच, आणि अडचण येथूनच सुरू होते.

२०१८ च्या आयोगाच्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. पदोन्नतीच्या गुणांकनात दहा लाखांपेक्षा अधिक रकमेचा पूर्ण झालेला प्रकल्प प्रमुख संशोधकाला दहा गुण देतो, त्याखालचा पाच. तो प्रकल्प ज्याने वेळेवर ओळखला, ज्याच्या छाननीमुळे तो सुधारला आणि ज्याच्या पाठपुराव्यामुळे तो मुदतीत पोहोचला, त्या समन्वयकाला त्या रकान्यात काहीच मिळत नाही. त्याचे काम प्रशासकीय जबाबदारी या सदरात इतर दहा कामांबरोबर मोजले जाते. तेव्हा सुज्ञ अध्यापक समन्वयकपद टाळून स्वतःचाच प्रस्ताव पाठवितो, यात नवल नाही. क्वचित समन्वयकच अर्जदारही असतो. अशा वेळी त्याने त्या एका निवडीपुरते पद सोडून ते उपप्राचार्यांकडे किंवा आयक्यूएसीच्या समन्वयकाकडे द्यावे, आणि तशी लेखी नोंद करावी. बऱ्याच ठिकाणी ही साधी दक्षताही घेतली जात नाही.

स्वतंत्र वेतनश्रेणीचे पद अनुदानित महाविद्यालयात नजीकच्या काळात निर्माण होईल, अशी चिन्हे नाहीत. तथापि प्राचार्यांच्या अधिकारातील गोष्टीही थोड्या नाहीत. समन्वयकाच्या वेळापत्रकात अन्य समित्यांचा भार कमी करणे, आलेले प्रत्येक आवाहन त्याच दिवशी सर्व अध्यापकांना भ्रमणध्वनीवर पाठविणे, आणि अंतर्गत निवडीचे निकष एका पानावर लिहून जूनमध्येच प्रसिद्ध करणे, एवढे कोणत्याही तरतुदीशिवाय होऊ शकते.

दुसऱ्या क्रमांकाचा प्रस्ताव :

अंतर्गत निवडीत मागे पडलेल्या प्रस्तावाचे काय होते, यावरून संस्थेच्या व्यवस्थेची पारख होते. चांगल्या संशोधन विद्यापीठात समन्वयकाकडे न पाठविलेल्या टिपणांची नोंदवही असते. त्यात परीक्षकांचे अभिप्राय असतात आणि समोर त्या टिपणाला साजेशा अन्य योजनांची नावे व तारखा लिहिलेल्या असतात. पुढील वर्षी तीच योजना पुन्हा जाहीर होते, तेव्हा पहिले पत्र गतवर्षीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अर्जदाराला जाते. आपल्याकडे अर्जाची एकच प्रत असते आणि निवड न झाल्यास ती अध्यापक घरी घेऊन जातो. भूजलाच्या तीन वर्षांच्या नोंदींचा आराखडा, बोलीभाषेच्या शब्दसंग्रहाची योजना अशी कितीतरी टिपणे सावदा-रावेर भागातल्या कपाटांत असू शकतील. ती मागवून, तारखेनिशी एका वहीत उतरवून घेण्यासाठी नवीन समन्वयकाला पहिले वर्ष पुरेसे आहे.